तिसऱ्या मजल्यावरची पिल्लं

कमलाकर : ...म्हणून म्हटलं, वर जाऊन एकदा बघावं. सकाळपासून आवाज नाही.

रंभाबाई : कसला आवाज?

कमलाकर : पिल्लांचा. मी कमलाकर, खालच्या मजल्यावरचा. तुमची मागची बाल्कनी अगदी माझ्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर येते.

रंभाबाई : वळखलं की. सोसायटीचं सेक्रेटरी न्हवं तुमी? मागं पान्याच्या टाकीच्या मीटिंगमदी माज्या ल्योकाला, इंद्रजीतला लई बोलला हुता. आता काय, पिल्लांची कंप्लेंट हाय?

कमलाकर : तक्रार करायची असती तर आठ दिवसांपूर्वीच आलो असतो. नियमात बसत नाहीत ती. पण ती ओरडत होती तोवर मी आलो नाही. आज गप्प आहेत, म्हणून आलोय.

रंभाबाई : आवाज बंद झाला म्हनून आलेलं माणूस मी पैल्यांदाच बगतीया. या आत. चपला ऱ्हाऊ द्या पायात, बाल्कनीत घाण झालीया. जपून, म्या काठी टेकत येती मागनं.

कमलाकर : अरेरे! ही अशी एकमेकांच्या अंगावर चढून का बसलीत?

रंभाबाई : कालपास्नं आसंच. दानं टिपंनात. त्ये कोपऱ्यातलं हिरवं बगा, पंख पाडून, डोळं मिटून. मागनं समदं चिकटून बसतंय त्येचं. कोमट पान्यात कापूस बुडवून तीनदा पुसलं. पुसलं की घटकाभर बरं, पुन्ना तसंच.

कमलाकर : हिरवं म्हणजे खरोखरच हिरवं आहे हो. आणि ही दोन गुलाबी.

रंभाबाई : संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रंच्या दिवसात गाडीवाला आला हुता खाली. पोरांनी हट्ट करावा म्हनून रंगात बुचकळून आनत्यात मेले. आत ते बिचारं साधंच असतंय, पांडरं-पिवळं.

कमलाकर : एक, दोन, तीन, चार...

रंभाबाई : मोजू नका!

कमलाकर : का बरं?

रंभाबाई : पिल्लं मोजू न्हाईत. दिष्ट लागती. कचेरीत मोजायची सवय आसंल तुमाला, हितं नगं.

कमलाकर : बत्तीस वर्षं कचेरीतच गेली खरी. बरं, नाही मोजत. सहा आहेत पण.

रंभाबाई : मोजलीच की ओ!

कमलाकर : चुकलं. औषध काही दिलंत?

रंभाबाई : मला येतंय तेवडं समदं केलं. लसूण ठेचून पान्यात घातली, हळद घातली, कण्या शिजवून मऊ करून दिल्या. आन् बलप तर रातध्याड चालू हाय. सूनबाई म्हनती लाईट फुकट जळतीय, म्या म्हनलं जळू दे. आमच्या वळसंगला खुडूक कोंबडी आसती, ती घेती पोटाखाली. हितं कोंबडी कुटनं आनू? तिच्या जागी ह्यो बलप टांगला.

कमलाकर : थांबा, जरा हात धरून बघतो. अहो, ह्याच्याखाली तर गारच लागतंय.

रंभाबाई : गार कसं आसंल? उजेड केवडा पडतोय की!

कमलाकर : उजेड पडतो. पण हा एलईडी आहे. तापत नाही हा. वीज कमी लागावी म्हणून तसाच बनवतात. हात लावा, लावा. चटका बसायचा नाही.

रंभाबाई : आगं बया.

कमलाकर : बघितलंत?

रंभाबाई : आमच्या खुराड्यात बलप हुता त्यो पिवळा. वीतभर लांबनं हात धरला तरी भाजायचं. मला वाटलं बलप म्हंजी बलपच, सगळं येकच.

कमलाकर : कुणालाही तसंच वाटलं असतं.

रंभाबाई : कुनालाबी न्हाय. मला वाटलं. पन्नास वर्सं कोंबड्या पाळल्या म्या! आन् आठ दिस ह्या लेकरास्नी उजेडात कुडकुडत ठिवलं. वर आनि निवांत झोपत हुते, पिल्लांची सोय केली म्हनून. काय म्हनावं ह्या अकलंला?

कमलाकर : तुम्ही आधी खुर्चीवर बसा. माझ्या माळ्यावर जुना साठ वॅटचा, तापणारा बल्ब असेल. मी काही टाकून देत नाही. प्रेमला, आमची ही, त्यावरून माझ्याशी कायम भांडत आलीय.

रंभाबाई : आन् नसला तर?

कमलाकर : असेल. शोधतो. तुम्ही तोवर त्या खोक्यावर एखादी जुनी चादर घाला. वारा फार येतोय इथे.

०

कमलाकर : पोल्ट्रीच्या औषधांच्या दुकानदाराने विचारलं, किती पक्षी आहेत? म्हटलं, सहा. म्हणाला, सहा हजारांची बॅच का? म्हटलं, नाही हो, सहा. चष्मा काढून बघत राहिला माझ्याकडे.

रंभाबाई : दिलं का पन औषद? का नुसतंच बगितलं?

कमलाकर : दिलं. पाण्यात कालवायची पावडर आहे. लिटरभर पाण्याला चिमूट. म्हणाला, दोन दिवसांत उठली तर उठली.

रंभाबाई : आन् न्हाय उठली तर?

कमलाकर : ते मी विचारलं नाही.

रंभाबाई : बरं केलं. तुमच्या बलपानं काम केलं बरं का, भाऊ. काल येकमेकांच्या डोक्यावर बसली हुती, आज कशी पांगल्यात. त्यो गुलाबी तर सकाळी माज्या बोटाला चोच मारून गेला. गुलाम कुटला.

कमलाकर : आणि हिरवं?

रंभाबाई : त्ये हाय तसंच. द्या ती वाटी हिकडं. चमच्याच्या टोकानं चोचीच्या कडंला थेंब थेंब सोडायचा. नरड्यात वतायचं न्हाय, ठसका लागतोय. येकट्यानं जमत न्हाय, म्या पाजते, तुमी धरा त्येला.

कमलाकर : मी? मी जन्मात पक्ष्याला हात लावलेला नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

रंभाबाई : खा म्हनले का मी? धरा म्हनले.

कमलाकर : असं?

रंभाबाई : मूठ आवळू नका. खाली तळवा, वरनं दुसरा हात. आसं. टोपण घातल्यावानी.

कमलाकर : किती हलकं आहे हो. हातात काही आहे असं वाटतच नाही. काळीज मात्र धडधडतंय त्याचं.

रंभाबाई : घाबरलंय. ऱ्हाऊ द्या तसंच, ऊब लागली की गप ऱ्हातंय. हां, गिळलं बगा. अजून येक थेंब. शाना माजा बाळ.

कमलाकर : माझा तळवा हिरवा झाला.

रंभाबाई : ओल्या अंगाचा रंग लागतोच. दोन दिस जात न्हाय त्यो. वैनी वरडतील का? दिसल्या न्हाईत पन त्या कुटं.

कमलाकर : पुण्याला असते ती. लेकीकडे, इंद्रायणीकडे. बाळंतपणाला म्हणून गेली होती. महिनाभरासाठी.

रंभाबाई : मग येतीलच की आता.

कमलाकर : बाळ चालायला लागलंय.

रंभाबाई : आँ? म्हंजी वरीस झालं की! तुमी बोलावलं न्हाय?

कमलाकर : ती विचारते फोनवर, ‘येऊ का?’ मी म्हणतो, ‘राहा, तिकडे तुझी गरज आहे.’

रंभाबाई : आन् हितं?

कमलाकर : इथे काय? सकाळी कुकर लावतो, तोच रात्री खातो. पेपर वाचतो. दुपार तेवढी जात नाही. घड्याळात बघावं तर दोन, पुन्हा बघावं तर दोन वाजून दहा मिनिटं. गेले आठ दिवस वर ही ओरडायला लागली आणि मी गॅसपाशी उभा राहून ऐकायला लागलो. खरं सांगतो, बरं वाटत होतं. तुम्ही पण खाली ऐकू येता. ‘खा की रं मुडद्या’ म्हणत होतात परवा.

रंभाबाई : आगं आई! ऐकू जातंय व्हय खाली?

कमलाकर : सगळं. पण फ्लॅटमध्ये कोंबड्या आणायचं तुमच्या डोक्यात आलं कुठून? नातवंडासाठी आणल्यात म्हणावं, तर घरात लहान कुणी नाही.

रंभाबाई : सांगू? पन कुनापाशी बोलायचं न्हाय. इंद्रजीतपाशी तर न्हायच न्हाय.

कमलाकर : नाही बोलणार.

रंभाबाई : ह्यांस्नी पंख फुटलं, ही मोटी झाली, की हितं ऱ्हातील व्हय? तुमीच कंप्लेंट करनार. मग इंद्रजीत म्हननार, आई, ह्या कोंबड्या वळसंगला न्हेऊन सोडू. आन् सोडल्या तर सांबाळायला कोन? कुलूप हाय घराला. मग मीच की! म्हनलं, आपल्याला कुनी न्हेत न्हाय, कोंबड्यांस्नी तर न्हेतील. त्यांच्यासंगं आपुनबी गाडीत बसायचं.

कमलाकर : पाऊण तासाचा तर रस्ता आहे वळसंगचा.

रंभाबाई : रस्ता पाऊन तासाचाच हाय. म्या अकरा म्हैनं झालं हितंच हाय.

कमलाकर : मग मुलाला सरळ सांगा ना, मला घरी जायचंय म्हणून.

रंभाबाई : तुमी सांगितलं का वैनीला सरळ?

कमलाकर : आणखी एक थेंब द्या. चोच उघडली त्याने.

रंभाबाई : न्हाय, भाऊ, राग नका मानू. त्येचंबी चुकत न्हाय. गेल्या वर्सी शिमग्याच्या आदी अंगनात पडले म्या. खुब्याचं हाड मोडलं. पाटंचं कोंबड्या सोडायला उठले हुते, खुराड्यापतोर गेलेच न्हाय. हलता येईना, वरडले तर आवाज निगंना. अकरा वाजंस्तवर तशीच.

कमलाकर : अरे देवा. मग?

रंभाबाई : कोंबड्या कोंडलेल्या न्हवं का? त्यांनी आरडून आरडून गाव डोक्यावर घेतलं. शेजारचा सिद्धप्पा कानडीत शिव्या देत आला, ‘म्हातारी आजून कोंबड्या का सोडंना’ म्हनत. तवा त्येला मी दिसले. इंद्रजीतनं हितं आनलं, दोन म्हैन्यांसाटी म्हनून. आन् माज्या बारा कोंबड्या गावात वाटून टाकल्या. मला इचारलंबी न्हाय. ज्यांच्या जीवावर वाचले त्याच वाटून टाकल्या.

कमलाकर : आता पाय कसा आहे?

रंभाबाई : उद्या कळंल. दुपारी हाडाच्या डागदराकडं जायचंय, इंद्रजीतनं अर्दी रजा टाकलीया. डागदर एकदा म्हनला की बाई चालू द्या, की मग पुडचं पुडं. भाऊ, तुमी बसाल का ह्यांच्यापाशी दोन तास? बाकीच्यांची काळजी न्हाय. ह्या हिरव्याला तेवडं येकलं ठिवू नगा.

कमलाकर : बसतो की. मला कुठे जायचंय?

०

इंद्रजीत : आई, हळू. लिफ्टच्या फटीत काठी अडकते तुझी. काका, सॉरी हं, डॉक्टरांकडे नंबर फार उशिरा लागला. तुम्ही बाल्कनीतच बसून आहात? आत पंखा तरी लावायचा.

कमलाकर : असू दे. पंख्याचा वारा बाहेर येतो, त्यांना चालत नाही.

रंभाबाई : भाऊ, डागदर म्हनला, काठी घेऊन कुटंबी फिरा! हाड चांगलं धरलंय म्हनला. एक्सरे दावला मला, हितनं हितवर समदं... काय झालं? तोंड का आसं तुमचं?

कमलाकर : रंभाबाई...

रंभाबाई : हिरवं?

कमलाकर : हो.

रंभाबाई : कवा?

कमलाकर : ते मला सांगता येत नाही. तेच तर लागून राहिलंय. मी हातात धरूनच होतो. साडेतीनला औषध दिलं ते गिळलं त्याने. मग मान माझ्या अंगठ्यावर टाकली. मला वाटलं झोपलं. पायाला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही, उगाच झोपमोड नको म्हणून. साडेचारला पुन्हा औषध द्यायला चोच उघडायला गेलो, तर... रंभाबाई, मला कळलंच नाही हो.

रंभाबाई : द्या हिकडं.

कमलाकर : मी मोजली होती त्या दिवशी. तुम्ही नको म्हणत असताना.

रंभाबाई : मोजल्यानं मरत आसती तर पोल्ट्रीवाल्यांची येकबी कोंबडी वाचली नसती. काय मनाला लावून घेताय? हात बगू. मनगटापतोर हिरवा झालाय की.

कमलाकर : धुवावासा वाटला नाही.

(खोक्यातली पाच पिल्लं दाणे टिपत असतात.)

इंद्रजीत : आई, चल आत. एवढंसं पिल्लू ते. दे माझ्याकडे, पिशवीत बांधून ठेवतो. सकाळी घंटागाडी आली की—

रंभाबाई : घंटागाडीत टाकतोस?

इंद्रजीत : मग कुठं नेऊ? खाली गेटपर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत सगळे.

रंभाबाई : मूठभर माती न्हाय तुमच्या ह्या जुळे सोलापुरात. फरशा, फरशा आन् फरशा. येवड्याशा जीवाला झाकायला जागा न्हाय!

कमलाकर : माझ्या बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आहे, मोठी. प्रेमलाने लावलेली. तिच्या बुडाशी होईल जागा.

रंभाबाई : वैनीस्नी चालंल?

कमलाकर : मी सांगेन तिला फोनवर. रोज तेच ते सांगतो, जेवलो आणि झोपलो. आज काहीतरी वेगळं सांगीन.

इंद्रजीत : आई? तू रडतेस? अगं, गावाकडं बोका किती पिल्लं उचलून न्यायचा. घार न्यायची. तेव्हा मी तुला कधी रडताना बघितलं नाही. शिव्या घालायचीस तू बोक्याला.

रंभाबाई : ती बोक्यानं न्हेली. ह्येला म्या मारलं.

इंद्रजीत : काहीतरीच काय बोलतेस?

रंभाबाई : खरं त्येच बोलतीया. भाऊ, आता सांगते ह्येला, तुमी गप बसा. इंद्रा, म्या पिल्लं हौसंनं न्हाय आनली. ही वाडली की तुला गावी सोडाय लागतील, त्यांच्यासंगं मलाबी न्हेशील, म्हनून आनली. माज्या कामासाटी आनली. आईवेगळी, चार दिसांची लेकरं. आनली आन् थंड बलपाखाली ठिवली.

कमलाकर : ते अजाणता झालं, रंभाबाई.

रंभाबाई : आन् आजचं? आज सकाळी त्येचं डोळं पांडरं पडलेलं दिसलं हुतं मला. पन्नास वर्सांची नजर हाय माजी. कळत हुतं, ह्ये आजचा दिस काडत न्हाय. तरी टाकून गेले. का? तर डागदराच्या तोंडनं ऐकायचं हुतं की बाई, तुमी आता मोकळ्या. मरनाऱ्या जीवाला टाकून एक्सरे बगत बसले म्या. लाज वाटती मला. भाऊ हुते म्हनून, न्हायतर येकलंच गेलं आसतं की त्ये.

इंद्रजीत : एवढं सगळं करण्यापेक्षा मला सांगायचं ना सरळ, गावी जायचंय म्हणून.

रंभाबाई : सांगितलं की. बेंदराला सांगितलं. गौरी आल्या तवा सांगितलं. दिवाळीत पुन्ना सांगितलं, तू आकाशकंदील लावत हुतास तवा. तिन्ही डाव ‘बघू’ म्हनलास. चौथ्यांदा सांगायला जीभ रेटंना माजी.

इंद्रजीत : मग काय म्हणायला हवं होतं मी? जा म्हणू? सिद्धप्पाकाकांचा फोन आला तेव्हा मी शिफ्टवर होतो. म्हणाले, आई पाच तास मातीत पडून होती. मी पोहोचलो तेव्हा तुझ्या केसात मुंग्या फिरत होत्या, आई. अजून फोन वाजला की आधी वळसंगचा नंबर आहे का बघतो मी. तुला काय माहीत?

रंभाबाई : न्हाय माहीत. तू कवा बोलला न्हाईस ह्ये.

इंद्रजीत : बोलून काय करू? तू इथं डोळ्यांपुढं असलीस की रात्री झोप लागते मला.

रंभाबाई : डोळ्यांपुडं? बाळा, सकाळी आटला तू जातोस, सव्वाआटला उत्कर्षा शाळंत शिकवाय जाती. येता सातला. मदी मी आन् ही भिताडं. सूनबाई गुणाची हाय, डबा झाकून ठिवती, टीव्ही लावून जाती. पन टीव्हीतल्या बाया मला नावानिशी वळखू याया लागल्यात, आन् दारासमोरची बाई कोन ते म्हाईत न्हाय. तितं पाच तास पडले, व्हय. हितं अकरा म्हैनं पडूनच हाय.

इंद्रजीत : आई, असं नको ना बोलू.

रंभाबाई : मग कसं बोलू? मला माज्या घरी जायचंय. बास. जगले तर तितं जगन, पडले तर तितं पडन.

इंद्रजीत : काका, तुम्ही तरी समजवा हिला. तुमचं ऐकेल ती.

कमलाकर : मला विचारू नकोस.

इंद्रजीत : का?

कमलाकर : माझा ह्यात स्वार्थ आहे. ह्या तीन दिवसांत मी जेवढं बोललो तेवढं वर्षभरात बोललो नसेन. ह्या इथेच राहाव्यात, पिल्लं इथेच मोठी व्हावीत, सोसायटीचे नियम गेले खड्ड्यात, असं वाटतं मला. सेक्रेटरी असून सांगतो. उद्या पुन्हा दुपार होणार आहे, आणि ती मला एकट्यालाच काढायचीय.

इंद्रजीत : म्हणजे राहू दे, असंच म्हणताय ना तुम्ही?

कमलाकर : नाही. घेऊन जा त्यांना.

रंभाबाई : भाऊ...

कमलाकर : दुपारभर ते हातात होतं. बल्ब होता, औषध होतं, मीही होतो. तरी मधूनमधून मान वर करायचं आणि इकडेतिकडे बघायचं. काय शोधतंय ते मला कळेना. विचारायची सोय नव्हती. तुझ्या आईला काय हवंय ते तर ती तोंडाने सांगतेय, इंद्रजीत. आता आणखी काय ऐकायचं राहिलंय?

इंद्रजीत : ...सिद्धप्पाकाका दिवसातून दोनदा तरी डोकावतील का, आई?

रंभाबाई : त्यो चारदा डोकावतोय. चहा लागतो मेल्याला.

इंद्रजीत : आणि मोबाइल गळ्यात अडकवायचा. कपाटात ठेवायचा नाही. अंगणात जातानासुद्धा गळ्यात.

रंभाबाई : म्हशीच्या लोढण्यावानी अडकवते. अजून?

इंद्रजीत : बारा नाही पाळायच्या. आहेत ह्या पाच, तेवढ्याच.

रंभाबाई : त्ये कोंबड्यांस्नी सांग, मला काय सांगतोस?

इंद्रजीत : हसू नकोस, मी सीरियस आहे. रविवारी सुट्टी आहे मला. सकाळी उन्हाच्या आत निघू. खोकं तू मांडीवर घे. पण घराचं कुलूप वर्षभर कुणी उघडलेलं नाही. गंजलं असेल पार. किल्ली फिरायची नाही, थोडं तेल सोडावं लागेल.

रंभाबाई : तसलं तेल आपल्या घरात कुटनं आनायचं आता?

कमलाकर : माझ्याकडे आहे, शिलाई मशीनचं. आणून देतो.